सायलेन्सर कुणासाठी बदलायचा?

गाडी घेताना आपण काय बघतो? ॲव्हरेज, पिकअप, एसी, सीटचं कापड, गाणी वाजवायची सोय. बुलेट घेणारा जरा वेगळा, तो आवाजही ऐकतो. पण शोरूममध्ये गाडीमागे उकिडवं बसून सायलेन्सर न्याहाळणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही.

त्यात नवल काही नाही. गाडीचे बहुतेक भाग आत बसलेल्यांच्या सोयीचे असतात. वायपर आपल्याला रस्ता दाखवतो, सस्पेन्शन आपली पाठ सांभाळतं, हीटर आपले हात गरम ठेवतो. मागच्या बंपरखालून डोकावणारी ती नळी आपल्यासाठी नेमकं काय करते, हे मात्र चटकन सांगता येत नाही.

या हिवाळ्यात मी बाबांच्या २००५ सालच्या मारुती ८०० चा सगळा एक्झॉस्ट घरीच बदलला. नाशिकमध्ये, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन रविवारांत. काम हाताने करायचं होतं, पण हातापेक्षा डोकंच जास्त थकलं. गंजलेल्या नट-बोल्टांपेक्षा एक प्रश्न सोडवायला अवघड गेला: जे नुकसान दिसत नाही, ज्याची कुणी तक्रार करणार नाही आणि ज्यात पकडले जाण्याची शक्यता जवळपास शून्य आहे, ते टाळण्यासाठी आपण खिशातले पैसे का घालवायचे?

एक नळी, तीन कामं

बोलताना आपण सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या तीन वेगळ्या माणसांसाठी असतात. ही विभागणी मला गाडीखाली आडवं पडल्यावर नीट कळली.

पहिला भाग म्हणजे साधा पाइप. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच वायूच्या. इंजिन पुढे आणि आपण त्याच्या मागे बसलेलो. म्हणून हा वायू आपल्या पायाखालून गुपचूप मागे नेऊन सोडायचा, एवढंच पाइपाचं काम. हा भाग माझ्यासाठी आणि माझ्या घरच्यांसाठी आहे.

दुसरा भाग म्हणजे मागचा फुगीर डबा, खरा सायलेन्सर. त्यात कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा त्यात एकमेकींवर आपटून विरतात. हा डबा शेजाऱ्यासाठी आहे. पहाटे साडेपाचला गाडी काढली तरी पहिल्या मजल्यावरचं बाळ झोपलेलं राहावं, यासाठी.

तिसरा भाग त्या दोघांच्या मध्ये असतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘कॅट’ म्हणतात. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर. तापल्यावर हे धातू कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतात, न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि ऑक्सिजन यांतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात. हा भाग कुणासाठी? सिग्नलवर मागे उभ्या असलेल्या स्कूटीवाल्या मुलीसाठी, चौकात आठ तास उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसासाठी, शाळेच्या रिक्षातून पाय बाहेर सोडून बसलेल्या पोरासाठी. यातल्या कुणालाही मी ओळखत नाही.

पाइप स्वतःसाठी, डबा शेजाऱ्यासाठी, कॅट अनोळखी माणसासाठी. आता यातला कुठला भाग लोक आधी दुरुस्त करतात आणि कुठला काढून टाकतात ते बघा. पाइप फुटून धूर आत येऊ लागला तर माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. डबा फुटला तर शेजारी बोलेपर्यंत थांबतो. कॅट खराब झाला तर तो काढून फेकतो. आपल्यापासून माणूस जितका लांब, तितकी त्याची काळजी कमी. हे गाडीच्या तळाशी लोखंडात लिहून ठेवल्यासारखं दिसतं.

‘भाऊ, काढूनच टाका’

माझ्या गाडीचा डबा गंजून खालून उघडा पडला होता. त्यामागचं कारण मजेशीर आहे. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण आमची गाडी घर ते भाजी मार्केट, मार्केट ते घर अशी दोन-तीन किलोमीटर चालते. पाइप पुरता तापतच नाही, पाणी डब्यात साचतं आणि लोखंड आतून खातं. नाशिकच्या थंडीत सकाळी गाडीच्या नळीतून पाणी ठिबकताना तुम्हीही पाहिलं असेल. ते हेच.

कॅटचंही तेच वय. आतली वीट तुटून खुळखुळ्यासारखी वाजत होती. एका गॅरेजमध्ये दाखवलं. माणूस कामाचा पक्का, हातात कला. त्याने दोन मिनिटांत निदान केलं आणि सल्ला दिला: ‘भाऊ, कॅट काढूनच टाका. मधे सरळ पाइप वेल्ड करून देतो. पिकअप वाढेल. जुना कॅट भंगारात चांगल्या पैशाला जाईल, त्यात तुमचा डबा निघेल. नवीन कॅट टाकायला गेलात तर दहा हजारांच्या पुढे. या गाडीला कशाला?’

मी विचारलं, पीयूसीचं काय?

तो हसला. ‘निघते.’

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. तुटून अडकलेला कॅट काढला की पिकअप सुधारतोच, कारण धुराची वाट मोकळी होते. (चांगल्या कॅटने मात्र रोजच्या वापरात फारसा फरक जाणवत नाही.) पीयूसीबद्दलही तो हवेत बोलत नव्हता. माझ्या गाडीच्या पिढीसाठी, गाडी जागेवर उभी असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत असले की प्रमाणपत्र मिळतं. चांगलं ट्यून केलेलं इंजिन काही वेळा कॅटशिवायही त्या रेषेच्या आसपास पोचतं. नायट्रोजनचे ऑक्साइड तर या तपासणीत मोजलेच जात नाहीत. उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो, आणि जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसाला जाळतो. पण तो कुणाच्या नळीतून आला हे कोण सांगणार?

थोडक्यात, कॅट काढला तर माझे दहा हजार वाचणार होते, वर भंगाराचे पैसे. तोटा सगळा दुसऱ्यांचा, आणि तोही असा की त्यांना कधी कळणारच नाही.

न दिसण्याची सोय

हा प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एक गोष्ट सांगतो. एका मेंढपाळाला अंगठी सापडते. ती फिरवली की तो अदृश्य होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो, राज्य बळकावतो. ग्लॉकॉनचं म्हणणं असं की अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन यांच्यात काही फरक उरणार नाही. आपण चांगले वागतो ते केवळ दिसू म्हणून.

मला वाटतं, ग्लॉकॉनने गोष्ट जरा जास्तच रंगवली. अदृश्य होऊन राजाला मारायची वेळ आपल्यावर येत नाही. आपल्याला मिळते ती फार छोटी अंगठी. ती आपल्याला लपवत नाही, आपल्या कृत्याचा परिणाम लपवते. नळी मागे असते, आपण पुढे बघत असतो. धूर मागच्याच्या नाकात जाईपर्यंत आपण पुढच्या चौकात असतो. आरशातही दिसत नाही. गाडीची रचनाच अशी की करणाऱ्याला आपलं केलेलं कधी भेटत नाही.

आवाजाचं तसं नाही. म्हणून आवाजाबद्दल समाज लवकर जागा होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावणाऱ्यांवर कारवाई होते. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. लोक टाळ्या वाजवतात. पण कॅट काढलेली कार शांतपणे, अगदी सभ्यपणे त्याच रस्त्यावरून जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाज आणि हवा दोन्हींना एकाच वाक्यात धरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याला दोन्ही गुन्हे सारखे आहेत. आपल्या कानाला आणि संतापाला मात्र ते सारखे वाटत नाहीत.

गंमत म्हणजे कॅटची खरी किंमत ज्यांनी ओळखली ते चोर. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत. आतली वीट कुटून तिची भुकटी विकायची, हा धंदा. कॅट गाडीला लावलेला असतो तेव्हा मालकाला तो ओझं वाटतो. काढून कुटला की त्याला भाव येतो. दुसऱ्याचा श्वास स्वच्छ ठेवण्याला बाजारात भाव नाही. ते काम थांबवण्याला आहे.

द्वारकेवरची एक गाडी

‘एका गाडीने काय फरक पडतो?’ हा पुढचा प्रश्न. तोही उडवून लावण्यासारखा नाही. संध्याकाळी सात वाजता द्वारका चौकात अडकून बघा. मुंबई-आग्रा महामार्ग, नाशिक रोडकडून येणारी वाहनं, ट्रक, बस, रिक्षा, सगळं एकत्र. त्या धुरात माझ्या आठशे सीसीच्या गाडीचा वाटा किती? कुठल्याही यंत्राला वेगळा काढता येणार नाही इतका.

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात एक भयानक कल्पना मांडली आहे. हजार छळ करणारे आणि हजार बळी. पूर्वी प्रत्येक जण आपापल्या बळीला खूप वेदना द्यायचा. आता पद्धत बदलली. प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि त्यामुळे हजारही बळींची वेदना इतकी किंचित वाढते की ती कुणालाच जाणवू नये. हजार जणांनी बटण दाबल्यावर बळी तितकेच तळमळतात. पण आता प्रत्येक छळ करणारा म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणाचंच काही बिघडलं नाही.

पारफिटचं म्हणणं असं की हा हिशोबच चुकीचा आहे. माझ्या एकट्याच्या कृतीने काय झालं, एवढंच विचारून भागत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं आणि त्यात मी होतो का, हेही विचारावं लागतं. आपल्याकडे हेच तत्त्व चार शब्दांत आहे, थेंबे थेंबे तळे साचे. फक्त ते आपण बचतीसाठी वापरतो. तळं विषाचं असलं तरी थेंबांचा हिशोब तोच राहतो. केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला, तेव्हा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक होतं. द्राक्षांचं, थंड हवेचं म्हणून मिरवणारं आपलं शहर त्या यादीत कुणा एकाच्या नळीमुळे गेलेलं नाही.

नदीचा वरचा आणि खालचा

नदीकाठच्या जुन्या गावांत एक रीत असायची. प्यायचं पाणी भरायची जागा वर, कपडे धुवायची त्याच्या खाली, गुरं धुवायची आणखी खाली. ती कुणी कागदावर लिहिलेली नव्हती, पण मोडणाऱ्याला बायका तिथल्या तिथे सुनवायच्या. कारण खालचा माणूस दिसत होता आणि तो ओळखीचा होता.

शहर वाढलं की ही रीत तुटते. गोदावरी त्र्यंबकहून येते, गंगापूर धरणातून नाशिकमध्ये उतरते, रामकुंडावरून पुढे निफाडकडे जाते. शहरात तिच्यात काय मिसळतं हे आपल्याला ठाऊक आहे आणि खालच्या गावांना सोसावं लागतं. पण नदीचं निदान एक बरं आहे. तिला वर आणि खाल असतं. खालचा माणूस बोट दाखवून म्हणू शकतो, हे वरून आलं.

हवेला वर-खाल नाही. द्वारकेवर माझ्या पुढे उभ्या असलेल्या गाडीचा मी ‘खालचा’ आणि माझ्या मागच्याचा ‘वरचा’. प्रत्येक जण एकाच वेळी दोन्ही. ज्याचं आपल्याला सोसावं लागतं त्याच्यावर आपण चिडतो. ज्याला आपलं सोसावं लागतं तो पाठीमागे असतो. ‘जसं आपल्याला नको तसं दुसऱ्यालाही देऊ नये’ हा विचार महाभारतापासून आपल्याकडे आहे आणि जगातल्या बहुतेक परंपरांत तो सापडतो. पण तो विचार समोरचा माणूस समोर आहे असं धरून चालतो. पाठीमागच्यासाठी तो लागू करायला थोडी कल्पनाशक्ती लागते. मान वळवावी लागते, म्हणा हवं तर.

परवडणं

इथे कुणी म्हणेल, हे सगळं दहा हजार ज्यांच्याकडे आहेत त्यांचं तत्त्वज्ञान. बरोबर आहे. ज्याची जुनी गाडी हेच पोटाचं साधन आहे, त्याने पोराची फी भरायची की कॅट घ्यायचा, हा प्रश्न मी त्याच्या वतीने सोडवू शकत नाही आणि त्याला बोल लावायचा मला अधिकारही नाही. गॅरेजवाला तर दिवसभर दुसऱ्यांच्या धुरात उभा असतो. या साखळीत सगळ्यात जास्त सोसणारा तोच.

म्हणूनच असे प्रश्न एकेकाच्या सद्सद्विवेकावर सोडून देता येत नाहीत. पेट्रोलमधल्या शिशाची गोष्ट आठवा. इंजिन ठोकू नये म्हणून १९२१ मध्ये थॉमस मिजली याने अमेरिकेत शिशाचं संयुग शोधलं. फायदा गाडीवाल्याला, विष सगळ्यांना. ते थांबलं ते गाडीवाल्यांना उपरती झाली म्हणून नव्हे. नियम आले, पंपावर पर्याय आला आणि १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेमुक्त पेट्रोलच मिळू लागलं. शिशामुळे कॅट निकामी होतो, त्यामुळे शिसं गेल्यावरच कॅटचा सार्वत्रिक वापर शक्य झाला. व्यवस्था बदलल्याशिवाय हवा बदलत नाही.

पण नियमाचीही एक हद्द असते. नियम कॅट लावून गाडी विकायला लावू शकतो. वीस वर्षांनी एका पार्किंगमध्ये तो कॅट पुन्हा लागतो की सरळ पाइप, हे बघायला कुणी येत नाही. तिथे मी आणि माझी ऐपत एवढंच उरतं. मला दहा हजार जड होते, पण परवडत होते. त्यामुळे मला ‘परवडत नाही’ हे कारण उपलब्ध नव्हतं. ते ज्यांचं आहे त्यांचं आहे, मी ते उसनं घेऊ शकत नव्हतो.

जुनी गाडी ठेवावीच का, हाही प्रश्न आहे. आजची बीएस-६ गाडी माझ्या गाडीपेक्षा नक्कीच स्वच्छ. पण आमची गाडी महिन्याला शंभर-दीडशे किलोमीटर चालते आणि तेवढ्यासाठी नवी गाडी बनवून घेणं हेही काही निर्मळ काम नाही. पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरला, नोंदणी वाढवली. कर भरला म्हणजे धूर सोडायची परवानगी विकत घेतली, असं मात्र मी मानत नाही. जुनं वापरायचं तर ते नीट ठेवायचं, एवढा त्याचा अर्थ मी घेतो.

दोन रविवार

मग नवा पाइप, नवा डबा, नवा कॅट, नवी गास्केटं आणली. घरी करायचं असेल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका; खाली स्टँड हवेत आणि चाकांना दगड. इंजिन पूर्ण थंड हवं. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल मारून ठेवायचं. तरी एक नट निघाला नाहीच, तो हॅकसॉ ब्लेडने कापला. रबरी हँगरना साबणाचं पाणी लावलं की ते सरकतात. सगळे जोड आधी सैल लावायचे, पाइप कुठे घासत नाही ना ते बघायचं आणि मग इंजिनाकडून मागे येत एकेक आवळायचं. शेवटी गाडी उघड्यावर ढकलत नेऊन सुरू केली आणि जोडांवर साबणाचं पाणी टाकलं. कुठे बुडबुडे आले नाहीत.

पाठीवर पडून, डोळ्यांत गंज पडू नये म्हणून गॉगल लावून, मी तो कॅट दोन फ्लँजच्या मध्ये धरून ठेवला होता तेव्हा एक गोष्ट जाणवली. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलं असतं तर हा भाग बिलातली एक ओळ ठरला असता. हातात धरल्यावर त्याचं वजन कळलं. ज्यांच्यासाठी तो आहे त्यांचा विचार करायला मला तो अर्धा तास मिळाला. चांगलं वागण्यासाठी हात काळे करावेच लागतात असं नाही. पण जे मागे आहे, खाली आहे, ते बघायला मला गाडीखाली जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले. ‘काय रे, गाडी घेतली की काय नवीन? आवाजच येत नाही आता,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘नाही काका, जुनीच आहे, सायलेन्सर बदलला.’ ‘बरं केलंस, झोप लागते आता,’ म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेले.

डब्याचे आभार मिळाले. कॅटबद्दल कुणी काही म्हणालं नाही, म्हणणारही नाही. पीयूसी केंद्रावरच्या मुलाने आकडा बघितला, फोटो काढला, कागद हातात दिला आणि मागच्या रिक्षाला हात केला.